घराचा चार्ज

आम्रपालीने गॅसचं बटण फिरवून पाहिलं, वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर पाहिला, मग शेगडीजवळ नाक नेऊन वासही घेतला. सगळं बंद होतं. तरी ती ओट्यापाशीच उभी राहिली, कारण मघाशी पाहिलं तेव्हाही सगळं बंदच होतं आणि त्यावर तिचा विश्वास बसला नव्हता.

दारातून उत्तरेश्वरांचा आवाज आला.

"झाली का तपासणी? की पंचनामा करून सही-शिक्का मारायचाय?"

"आले," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा बटणाला हात लावून मगच डब्याची पिशवी उचलली.

उन्हाळ्यात त्यांनी हे विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे ऐकवलं असतं, की पंचनामे तुमच्या पाटबंधारे खात्यात होत असतील, आमच्या टेलिफोनमध्ये कामं व्हायची. हल्ली जीभ तेवढी वळत नव्हती. घरात पावसाळ्यापासून जे चाललं होतं, त्यानंतर फटकळपणा करायचा तरी कोणत्या तोंडाने? आधी गच्चीतला नळ रात्रभर वाहत राहिला आणि सकाळी सगळ्या सोसायटीची टाकी कोरडी. सेक्रेटरींनी जिन्यात कागद चिकटवला, 'झाडांना पाणी घालावे, पोहायला शिकवू नये.' लोक हसले, तीही हसली. मग एका सकाळी फ्लॅटचं दार सताड उघडं सापडलं, किल्ली बाहेरून कुलपाला लटकलेली. त्याला फार कोणी हसलं नाही. आणि गणपती गेल्यावर एका पहाटे समोरच्या श्रद्धाने दार बडवून दोघांना उठवलं, कारण गॅसचा वास जिन्यापर्यंत आला होता. नशीब, तिने बेल वाजवली नाही. उत्तरेश्वरांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. आम्रपाली मात्र गाऊनचा गळा मुठीत धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच खिळून राहिली. तिन्ही वेळा चार्ज तिच्याकडे होता.

हा चार्ज म्हणजे त्या घराची जुनी रीत. उत्तरेश्वर ओव्हाळांची उभी नोकरी धरणांवर गेली, बरीचशी खडकवासल्यालाच. तिथल्या चौकीवर पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडी हिशेब देई. कोणता दरवाजा किती उचललाय, कालव्याला किती पाणी सोडलंय, कुठला दिवा गेलाय. येणारा म्हणे, 'घेतला.' तो शब्द उच्चारला की पुढची सगळी जबाबदारी त्याची. आम्रपाली तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळीने काम करायची. चेतन लहान होता. ती घरी येई तेव्हा हे निघालेले असत, त्यामुळे नवरा-बायकोची भेट व्हायची ती दारातच. 'दूध तापवलंय. गॅस बंद. पोराला औषध दिलंय, ताप उतरलाय. घे चार्ज.' 'घेतला.' एवढ्या बोलण्यावर त्यांचा संसार उभा राहिला आणि चांगला उभा राहिला. बाकीची जोडपी एकमेकांना काय काय म्हणत असतील ते असो, आम्रपालीला 'घे चार्ज' या दोन शब्दांत सगळं मिळायचं.

दोघंही निवृत्त झाली, तरी रीत मोडली नाही. जेवणं आटोपली की उत्तरेश्वर झाडांना पाणी घालत, दूध तापवत, घरभर फेरी मारत आणि पलंगापाशी येऊन म्हणत, "गॅस बंद, नळ बंद, दाराला कुलूप. घे चार्ज." ती हातातलं मासिक बाजूला ठेवून म्हणे, "घेतला." मग दिवा मालवायचा.

म्हणजे रात्री बंद असलेला गॅस सकाळी उघडा असेल, तर मधे उठून तो कोणी उघडला, याचं उत्तर एकच होतं. तिला ते काही केल्या आठवत नव्हतं, आणि हेच तर भयंकर होतं. एके काळी निम्म्या डेक्कनचे नंबर तिला तोंडपाठ होते. गॅसच्या त्या प्रकारानंतर ती पौर्णिमेला विहारात वंदना सांगायचीही थांबली. मधेच गाथा आठवली नाही तर, या धास्तीने ती मागच्या रांगेत बसू लागली.

चेतन आणि सून कल्याणी रविवारी वाघोलीहून येऊन गेली होती. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, स्मरणाचे तज्ज्ञ आहेत, असं चेतन टीव्हीकडे बघत म्हणाला. मग पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे कर्वेनगरच्या घराला कुलूप आणि वाघोलीत बाराव्या मजल्यावरची एक खोली, हे कोणी बोललं नाही, पण कल्याणीने जाताना खिडक्यांचे पडदे हात लावून पाहिले होते.

सहलीची कल्पना उत्तरेश्वरांची. सोमवारच्या आधी जरा मोकळी हवा खाऊन येऊ, गुरुवारी गर्दी नसते, धरण भरलंय. डब्यात थालीपीठं, दही, मिरचीचा ठेचा, थर्मासमध्ये चहा. नेहमीचाच बेत.

गाडी राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला लागली. उत्तरेश्वर आज जास्तच बोलत होते, आणि फार मऊ बोलत होते. त्या मऊपणाचीच तिला भीती वाटत होती. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला टोमणे मारले होते, तिनेही मारले होते. आता ते आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते.

"तू काही मनाला लावून घेऊ नकोस," सिग्नलला ते म्हणाले. "मी आहे ना."

"हो," ती म्हणाली.

"डॉक्टरांपुढे घाबरायचं नाही. विचारतील ते सांगायचं. नाही आठवलं तर मी सांगेन."

तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात येणाऱ्या गावांची नावं घेत राहिली. नांदेड फाटा, किरकटवाडी, खडकवासला. सगळी आली, क्रमाने आली. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.

चौपाटीवर खरंच गर्दी नव्हती. कणसं भाजणाऱ्या बायका आपापल्या शेगड्यांमागे पेंगत होत्या. पाणी काठोकाठ होतं आणि ढगांमुळे शिशासारखं दिसत होतं. उत्तरेश्वरांनी गाडी रस्त्यावरून खाली घेतली, काठाकडे उतरत जाणाऱ्या कच्च्या जागेत पाण्याकडे तोंड करून उभी केली आणि किल्ली काढली.

"हँडब्रेक लावलाय. काचा वर. दिवे बंद," ते सवयीने म्हणाले आणि दार उघडून उतरलेसुद्धा. "घे चार्ज."

तिच्या ओठांवर शब्द आलाच होता. पण गॅसच्या पहाटेपासून तिला प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडत नव्हतं. आपल्यावरचा विश्वास उडालेलं माणूस करतं, तसं तिने केलं. तिने खाली पाहिलं.

हँडब्रेक लावलेला नव्हता. त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली होती.

ती नीट बघायला त्या बाजूला वळली तेवढ्यात चाकाखालचे खडे करकरले. समोरचं पाणी जरासं जवळ आल्यासारखं वाटलं, मग आणखी जरासं. आम्रपालीने दोन्ही हातांनी दांडा धरून वर ओढला. गाडी एक हिसका देऊन थांबली. मागच्या सीटवरचा थर्मास खाली पडला. आजूबाजूला कोणाच्या काही लक्षातही आलं नाही.

ती तशीच दांडा धरून बसून राहिली. झाडांना पाणी रोज हेच घालायचे. रात्रीचं दूध हेच तापवायचे. कुलूप लावायला हेच जायचे. आणि इतक्या वर्षांत 'घेतला' म्हणण्याआधी तिने एकदाही उठून पाहिलं नव्हतं. नवऱ्याने बंद म्हटलं की बंद. त्याच्या शब्दावर जाऊन बघणं म्हणजे त्याचा अपमान, असंच ती मानत आली होती.

मी नाही. हा पहिला विचार, आणि तो इतक्या आनंदाने आला की तिला हसू फुटलं. मी नाही, माझं डोकं ठिकाणावर आहे, मला सगळं आठवतं, कारण आठवायला काही घडलंच नव्हतं! तिने समोर पाहिलं. कठड्यापाशी उत्तरेश्वर हात मागे बांधून, पाय फाकवून धरणाच्या दरवाजांकडे बघत उभे होते, चौकीवर उभे राहत अगदी तसे. मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. आपण कशाचा आनंद मानतोय, हे तिला कळलं.

ती उतरून त्यांच्याजवळ गेली.

"अहो, हँडब्रेक लावला नव्हता."

"कोणी?"

"तुम्ही. गाडी पाण्याकडे सरकली. मी ओढला."

ते हसले. "चार्ज देताना मी चुकलोय कधी? अख्ख्या नोकरीत एक मेमो नाही."

"आज चुकलात."

उत्तरेश्वर तिच्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर तिला चाललं असतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला, डोळ्यांत कणव आली.

"तुझाच हात लागून सुटला असेल," ते म्हणाले. "होतं. सांगितलंस ते बरं केलंस, लपवायचं नाही."

"रात्री दूध कोण तापवतं आपल्याकडे?"

"तूच की. आणखी कोण?"

ज्या बाईने वर्षानुवर्षं डोळे मिटून लोकांचे आवाज ऐकले, तिला आवाज कळतो. खोटं बोलणारा माणूस उत्तराला जरा घाई करतो. ह्यांनी घाई केली नव्हती. दूध ती तापवते, झाडांना पाणी ती घालते, कुलूप ती लावते, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. ते खोटं बोलत असते तर ती भांडली असती. आता भांडायचं कोणाशी?

दोघं बाकावर बसली. उत्तरेश्वरांनी चवीने थालीपीठ खाल्लं, ठेचा आणखी मागितला, पानशेतकडचे डोंगर दाखवले. तिने आपलं थालीपीठ तसंच डब्यात ठेवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. चेतन होता. ती उठून कणसांच्या गाड्यापर्यंत गेली आणि पाठ फिरवून भराभर बोलली. नळ, दार, गॅस आणि आताचं हे. सगळं बाबांच्या हातून होतंय रे, माझ्या नाही. त्यांना गाडी चालवू देता कामा नये. तू लगेच इकडे ये.

पलीकडून ऑफिसातले आवाज तेवढे येत होते.

"आई," चेतन सावकाश म्हणाला, "तू पॅनिक होऊ नकोस. ऐक माझं. कल्याणीने ना, यावर खूप वाचलंय. यात असंच होतं. पेशंटला वाटतं मी ठीक आहे, दुसरा कोणीतरी विसरतोय, दुसरा मुद्दाम करतोय. हे पण सिम्प्टमच असतं."

"चेतन, मी बघितलं रे. दांडा खाली होता."

"हो, तुला तसं वाटलं असेल. मी खोटं म्हणत नाहीये. बाबांना दे ना फोन."

"मला आठवतंय सगळं. विचार तू मला काहीही. विचार!"

"आई, प्लीज. बाबांना दे."

मागून हात पुढे आला आणि फोन अलगद काढून घेतला गेला. उत्तरेश्वर केव्हा येऊन उभे राहिले होते, तिला कळलं नव्हतं.

"बोल रे," ते म्हणाले. "हो... हो, तसंच चाललंय सकाळपासून. निघताना गॅसपाशी किती वेळ उभी होती. आणि आता हँडब्रेक सोडला ना हिने. पाण्याच्या काठाला, अरे! मी वेळेवर आत हात घालून ओढला म्हणून... नाही नाही, घाबरू नकोस. मी आहे ना."

आम्रपालीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्यात ही आठवणसुद्धा त्यांची झाली होती. ते आत हात घालून दांडा ओढतायत, हे त्यांना आता स्वच्छ दिसत असणार, आणि उद्या चेतनलाही दिसणार. सोमवारी डॉक्टर दोघांचं ऐकतील आणि कोणाचं खरं मानतील, हे तिला इथे उभ्या उभ्या कळलं.

"सोमवारपर्यंत हिच्या हातात काहीच देत नाही," उत्तरेश्वर फोनवर म्हणाले. "बघतो मी सगळं. घर माझ्याकडे." फोन त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"आपण बसने जाऊ," ती म्हणाली.

"काय?"

"स्वारगेटची बस येईल इतक्यात. गाडी राहू दे इथे. चेतन येऊन नेईल."

"गाडी इथे टाकून बसने?" त्यांचा आवाज चढला. "अगं, काय चाललंय तुझं? शुद्धीवर ये जरा."

कणसांवर मीठ-लिंबू चोळणारी बाई थांबून बघू लागली. पलीकडच्या बाकावरच्या पोरापोरींनीही माना वळवल्या. उत्तरेश्वरांनी त्यांच्याकडे बघून ओशाळं हसून तळहात हलवला, घरच्या आजाराची लोकांपुढे माफी मागावी तसा. बाईला लगेच सगळं समजलं.

"काकू, बसा की गाडीत," ती मायेने म्हणाली. "काका हायेत ना संगं. नेत्यात नीट."

आम्रपाली गाडीत बसली. तिला पटलं म्हणून नाही, की लोक बघतायत म्हणूनही नाही. ती बसली नसती तर ते एकटे निघाले असते. पट्टा लावताना तिने नजर फिरवून सगळं बघून घेतलं. काच, दांडा, आरसा. उत्तरेश्वरांनी गाडी सुरू केली, सफाईने मागे घेतली, वळवून रस्त्याकडे तोंड केलं आणि चढ चढून डांबराच्या कडेला आणून थांबवली.

समोरून दोन ट्रक गेले. रस्ता मोकळा झाला. ते हलले नाहीत.

दुसरा ट्रक दिसेनासा झाला तरी ते स्टिअरिंग धरून समोर बघत होते. अंगठा स्टिअरिंगच्या चामड्यावर मागेपुढे फिरत होता. मागे एक गाडी येऊन उभी राहिली.

"कुठल्या बाजूला गं?" उत्तरेश्वर म्हणाले. आवाज अगदी हळू होता, आणि तो तिच्या ओळखीचा नव्हता. या रस्त्यावरून त्यांनी सायकलवरून, मोटरसायकलवरून, खात्याच्या जीपमधून किती खेपा केल्या असतील, याचा हिशेब नव्हता.

"डावीकडे," ती म्हणाली. "पुणं डावीकडे. उजवीकडे पानशेत."

मागच्याने हॉर्न वाजवला. उत्तरेश्वर दचकले, ताठ बसले, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

"माहितीये मला," ते म्हणाले. "तुला आठवतंय का ते बघत होतो." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "बरोबर सांगितलंस हं. चेतनला सांगू आपण."

आणि त्यांनी गाडी उजवीकडे घातली.